गरम झाली की पिकअपमध्ये गॅप देते, चेक इंजिन लाइट नाही. पंप बदलायच्या आधी काय तपासू?

वर्धारोडवाला · 14 मे, रात्री 9.50

गाडी 160 सीसी, एअर कूल्ड, बीएस-6, 2021 ची. रनिंग 31,000.

सकाळी सहाला गाडी एकदम मख्खन. दुपारी 20-25 मिनिटं चालली की तिसऱ्या-चौथ्या गिअरला 4,000 ते 5,500 आरपीएममध्ये रेस दिली तर अर्धा सेकंद काहीच होत नाही, मग एकदम झटका मारून पळते. नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नलला दोन मिनिटं थांबून निघालो की त्रास वाढतो. टाकीत तीन लिटरच्या खाली पेट्रोल असलं की अजून वाढतो. आयडलिंग 1,500 ला स्थिर, स्टार्ट एका बटणात, कुठे बंद पडत नाही.

झालेली कामं: प्लग नवा (गॅप 0.8), एअर फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी साफ. कशानेच फरक नाही.

गॅरेजवाला म्हणतो पंपाची पूर्ण असेंब्ली टाका. टाकायला हरकत नाही, पण चार-सहा हजार घालून गॅप तसाच राहिला तर? पंपच खराब आहे हे आधी पक्कं कसं करायचं? मल्टिमीटर आहे, प्रेशर गेज घ्यायची तयारी आहे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये फ्युएल प्रेशर 294 किलोपास्कल दिलं आहे.

---

टॅपेट कव्हर · 14 मे, रात्री 11.05

आधी लाइटचं. लाइट लागला नाही म्हणजे पेट्रोलची बाजू ठीक, असं धरू नका. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळतं ते सेन्सरचं: वायर तुटली, शॉर्ट झाली, व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं. या वर्गातल्या गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर बसवलेलाच नसतो. दाब 294 आहे असं गृहीत धरून ईसीयू इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. खरा दाब 200 वर घसरला तर तेवढ्याच वेळात पेट्रोल 17-18 टक्के कमी पडतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलतो. हलक्या रेसवर ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. रेस जास्त उघडली की ईसीयू त्या सेन्सरचं ऐकत नाही, आधीच साठवलेल्या आकड्यांच्या तक्त्यावर चालतो, आणि तिथे मिश्रण पातळ होतं. म्हणून आयडलिंग छान आणि पिकअपला गॅप.

आता तुमच्या तीन अटी एकत्र ठेवा: गरम, सिग्नलनंतर, कमी पेट्रोल. पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. इंजिनाला लागतं त्यापेक्षा पंप कितीतरी जास्त ओढतो, उरलेलं रेग्युलेटरमधून (दाब ठरलेला ठेवणारा व्हॉल्व्ह) परत टाकीत सुटतं आणि येताना उष्णता घेऊन येतं. दहा लिटरमध्ये ती जिरते, दोन लिटरमध्ये नाही. वरून मे महिन्यातलं नागपूरचं ऊन आणि खालून इंजिन. पेट्रोलचे हलके घटक 35-40 अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. पंपाच्या तोंडाची जाळी चोंदली असेल तर पंपाला जोर लावून ओढावं लागतं, ओढीच्या बाजूला दाब आणखी कमी होतो आणि गरम पेट्रोल तिथेच फसफसतं. पंप मग पेट्रोलऐवजी बुडबुडे ढकलतो. सकाळी हे होत नाही, कारण पेट्रोल थंड असतं.

म्हणजे संशय पंपाच्या बाजूवर रास्त आहे, पण 'पंपाची बाजू' म्हणजे जाळी, पंपाची मोटर, रेग्युलेटर आणि पंपाला जाणारी वीज, एवढी माणसं त्यात आहेत. असेंब्ली टाकली की पहिली तिघं बदलतात, चौथा गाडीतच राहतो.

बिनखर्चाच्या तीन गोष्टी आधी करा.

एक, टाकी भरून त्याच दुपारच्या वेळी तेवढंच अंतर चालवा. गळ्यापर्यंत भरू नका, बीएस-6 गाडीत जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ धरणारा कोळशाचा डबा) उतरतं आणि पर्जच्या नळीतून इनटेकला जाऊन नवाच गोंधळ करतं. भरल्या टाकीने गॅप गेला किंवा बराच कमी झाला तर वरचा तर्क बळकट होतो.

दोन, गॅप आला की लगेच बाजूला थांबून टाकीचं झाकण उघडा. 'सूं' करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचा किंवा कॅनिस्टरच्या नळीचा श्वास बंद आहे. पाच मिनिटांचं काम, पण लोक यावरून पंप बदलतात.

तीन, आउटर रिंग रोडला दुपारी, गाडी गरम झाल्यावर, रिकाम्या पट्ट्यात चौथा गिअर, 40 चा वेग, आणि रेस हळूहळू उघडा. मग तेच झटक्याने. फक्त झटक्याने दिली तरच अडखळत असेल तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर, मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) किंवा मॅनिफोल्डच्या रबरातून हवा ओढली जाणं. हळू उघडूनही भार वाढला की अडखळत असेल तर पेट्रोल कमी पडतंय.

हे करून सांगा, मग गेजचं बोलू.

---

पेट्रोल फुल्ल · 15 मे, सकाळी 7.30

काहून एवढं डोकं लावता भाऊ. ई20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आलं तेव्हापासून सगळ्याच गाड्यांचं हे होऊन राह्यलं. ऑक्टेन बूस्टरची बाटली टाका, विषय संपला.

---

फुटाळा काठ · 15 मे, सकाळी 8.40

ई20 ला सगळं माफही नाही, सगळा दोषही नाही. आकडे पाहा. शुद्ध पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई10 ला साधारण 14.1, ई20 ला 13.5. इथेनॉलच्या वजनाचा 35 टक्के भाग ऑक्सिजनच असतो, म्हणून बाहेरची हवा कमी पुरते. 2021 ची गाडी ई10 धरून सेट केलेली, तिला ई20 वर चार-साडेचार टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागेल. हलक्या रेसवर ऑक्सिजन सेन्सर एवढं सहज सांभाळतो. पूर्ण रेसवर मिश्रण किंचित पातळ राहील, पिकअप थोडा मंद वाटेल. पण तो सकाळी सहालाही मंद वाटेल. 25 मिनिटांनी सुरू होणारा आणि तीन लिटरखाली वाढणारा गॅप मिश्रणाच्या टक्क्यांनी येत नाही.

बूस्टरने काही होणार नाही. ऑक्टेन हा नॉकिंगचा विषय आहे. इथे मिश्रण आपोआप पेटण्याचा प्रश्नच नाही, पेटायला पुरेसं पेट्रोल पोचत नाही हा प्रश्न आहे.

ई20 चा संबंध असलाच तर वेगळ्या वाटेने. इथेनॉल चांगलं विद्रावक आहे. टाकीच्या भिंतीला बसलेला जुना चिकटा ते सोडवतं आणि तो जाळीवर जाऊन बसतो. शिवाय पाणी ओढतं, पण तो पावसाळ्यातला त्रास.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे पाहायचं असेल तर 100 मिलीचा मापाचा काचेचा सिलिंडर घ्या. 10 मिली पाणी, वर 90 मिली पेट्रोल, तोंड बंद करून हलवा, अधूनमधून वाफ सोडा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर 10 वरून 28 च्या आसपास गेला तर ई20 आहे. 35-40 दिसला तर पेट्रोलमध्ये आधीच पाणी किंवा जास्तीचं इथेनॉल आहे, ते टाकीतून काढून टाका. उघड्यावर करा, स्वयंपाकघरात नको.

---

ओहम नमः · 15 मे, दुपारी 1.15

टॅपेट कव्हरने शेवटी ज्या चौथ्या माणसाचं नाव घेतलं त्याच्याकडे मी येतो.

पंपाची मोटर डीसी. व्होल्टेज पडलं की तिचा वेग पडतो, वेग पडला की प्रवाह पडतो. लहान गाडीचा पंप साधारण दोन अँपिअर घेतो असं धरा. वाटेत कुठे अर्धा ओहम जास्त आला की एक व्होल्ट तिथेच गेला. हा अर्धा ओहम मल्टिमीटर ओहमवर ठेवून सापडत नाही, कारण प्रोबच्या वायरींचाच दोन-तीन दशांश ओहम असतो, आणि करंट वाहत नसताना सैल पिनसुद्धा शहाणी दिसते. म्हणून मोजायचा तो व्होल्टेज ड्रॉप, आणि तोही पंप चालू असताना, गाडी गरम असताना.

मीटर डीसी 20 व्होल्टवर. गाडी स्टार्ट. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसच्या शिशावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही. काळा प्रोब पंपाच्या कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) प्लस पिनवर, मागच्या बाजूने टाचणी सरकवून. वायरचं कव्हर टोचू नका, पहिल्या पावसात तिथून हिरवं पडायला सुरुवात होते. जे वाचन येईल तो त्या वाटेवरचा तोटा. तसंच मायनसच्या बाजूला: काळा बॅटरीच्या मायनसला, लाल पंपाच्या मायनस पिनला. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. एकट्या मायनसला 0.1 च्या वर दिसलं तर फ्रेमवरचा अर्थिंगचा बोल्ट खोलून घासा.

थंड असताना आणि गरम असताना दोन्ही वाचनं लिहून ठेवा. थंडला 0.3 आणि गरमला 0.9 असा प्रकार दिसला तर तो सैल किंवा जळका संपर्क आहे, वायर जाड-बारीक असण्याचा प्रश्न नाही.

बॅटरीच्या टोकाला 4,000 आरपीएमला 13.5 ते 14.5. त्याच्या खाली असेल तर आधी चार्जिंग बघा, बाकी सगळं नंतर.

इग्निशन बाजूला सारायची एक सोपी खूण. गॅप येतो त्या क्षणी आरपीएमचा काटा किंवा आकडा पाहा. आरपीएमची खबर ईसीयूला क्रँकच्या पल्सर कॉइलकडून मिळते. काटा क्षणभर पडून परत वर आला तर पल्सर कॉइल, साइड स्टँड स्विच, किल स्विच किंवा टिप-ओव्हर सेन्सर वीज तोडतोय. काटा जागेवर आणि ओढ गायब, तर पेट्रोल किंवा इग्निशन कॉइल. गरम झालेली इग्निशन कॉइल सहसा एक लांब गॅप देत नाही, फटफट मिसिंग देते.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरही बघून घ्या. चावी ऑन, इंजिन बंद, सिग्नल वायरला मागून टाचणी. बंद थ्रॉटलला 0.5 ते 0.7 व्होल्ट आणि पूर्ण उघडला की चार-सव्वाचारच्या वर. मूठ इतकी हळू फिरवा की अख्खा प्रवास दहा सेकंदांचा होईल. मध्येच आकडा खाली उडी मारून परत आला तर तिथे ट्रॅक घासला आहे. बहुतेक वेळा तो पहिल्या पाव भागात घासतो, कारण शहरात मूठ तिथेच असते. काट्याचा जुना मीटर मिळाला तर डिजिटलपेक्षा बरा, उडी डोळ्याला दिसते. आणि सेन्सरचा सील केलेला स्क्रू हलवू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

---

कामठी रोड · 15 मे, रात्री 8.10

दोन लहान गोष्टी राहिल्या.

क्लच. रेस दिली की आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, हे गॅपसारखंच वाटतं. तुमच्यात नंतर झटका येतो म्हणजे तो नसावा, तरी एकदा पाहा.

टॅपेट. 31,000 ला टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हची फट, कधी मोजली? मॅन्युअल सांगतं इंजिन 35 अंशांच्या खाली असताना मोजा. आपल्याकडे मे महिन्यात ते फक्त पहाटेच शक्य. रात्रभर उभी गाडी, सकाळी साडेपाचला फीलर गेज. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, तर तेवढीही खात्री नाही. दुपारी मोजून 'बरोबर आहे' म्हणणाऱ्या गॅरेजवर विश्वास ठेवू नका. पण टॅपेट टाइट असतं तर गरम आयडलिंग आधी बिघडलं असतं, तुमचं तर ठणठणीत आहे.

---

वर्धारोडवाला · 17 मे, सकाळी 10.20

सगळ्यांचे आभार. वाचनं देतो.

भरल्या टाकीने दुपारी दोनला त्याच रस्त्यावर गॅप एकदाच, तोही बारीक. तीन लिटरला परत पूर्ववत. झाकण उघडल्यावर आवाज नाही. हळू रेस उघडूनही येतो. आरपीएमचा आकडा पडत नाही. थ्रॉटल सेन्सर 0.62 ते 4.28, कुठे उडी नाही. बॅटरी 4,000 ला 14.1.

पंपाचा प्लस ड्रॉप: थंड 0.35, गरम 0.92. मायनस: 0.08.

गेज आणला आहे, पीएसआयमध्ये आहे, बटण आणि बारीक ड्रेन नळीवाला. अजून लावला नाही. कसा लावू?

---

टॅपेट कव्हर · 17 मे, दुपारी 12.30

0.92 ने चित्र बरंच पुढे गेलं, पण गेजशिवाय पुढे जाऊ नका. भरल्या टाकीने त्रास कमी होतो हे निव्वळ वायरिंगने समजत नाही.

294 किलोपास्कल म्हणजे साधारण 43 पीएसआय.

सायलेन्सरवर हात टेकवता येईल इतकं इंजिन निवलं की पंपाचा कपलर काढा, गाडी स्टार्ट करून बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग कापड गुंडाळून इंजेक्टरची नळी काढा, तरी चमचाभर पेट्रोल येईल. टी-जोड मध्ये बसवा, नळी परत लावा, कपलर जोडा, चावी ऑन-ऑफ तीनदा. कुठे ओलं दिसलं तर तिथेच थांबा. जागा उघडी, सावलीची, अग्निशामक हाताशी. गेज लावून गाडी रस्त्यावर न्यायची नाही. टाकीवर चिकटपट्टीने गेज बांधून वर्धा रोडने जाणारे वीर पाहिले आहेत, नळी सुटली तर पेट्रोल थेट गरम सायलेन्सरवर.

पण उभ्या गाडीत एक फसवणूक आहे. न्यूट्रलला रेस दिली तर इंजिनाला पेट्रोल फारच थोडं लागतं. पंप अर्धमेला असला तरी तेवढं पुरवतो आणि गेज 43 दाखवत राहतो. 'प्रेशर बरोबर आहे' हा निकाल इथूनच चुकतो. दाब टिकतो का हे पाहायचं तर मागणी तयार करावी लागते.

हिशेब करा. तुमच्या गाडीची ताकद 15 हॉर्सपॉवर धरली, म्हणजे 11 किलोवॅट. दर किलोवॅट-तासाला 300 ग्रॅम पेट्रोल. तासाला 3.3 किलो, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास. दहा सेकंदांना साडेबारा मिली. पूर्ण रेसला इंजिन एवढंच पितं. धडधाकट पंप याच्या कितीतरी पट देतो.

म्हणून गेजची ड्रेन नळी मापाच्या भांड्यात सोडा आणि दहा सेकंद बटण दाबा. 15 ते 20 मिली निघतंय आणि काटा 40 च्या खाली येत नाही, तर पुरवठा उत्तम. काटा ढासळला तर रस्त्यावरही ढासळतोय.

हे इंजिन बंद ठेवून करा, पंप मात्र सलग चालायला हवा. चावीवर तो दोन-तीन सेकंदच चालतो, म्हणून पंपाला थेट वीज द्यावी लागेल. दोन फेऱ्या करा. एकीत गाडीच्या वायरिंगमधून, पंपाच्या रिलेच्या दोन मोठ्या पिना फ्यूज लावलेल्या जंपरने जोडून. दुसरीत कपलर काढून बाहेरच्या बॅटरीवरून, 10 अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून. दुसरी फेरी पहिल्यापेक्षा जेवढी सुधारेल तेवढा दोष वायरिंगचा, जेवढी सुधारणार नाही तेवढा टाकीच्या आतला.

दोन्ही फेऱ्या तीन लिटर पेट्रोलवर, गाडी दुपारी अर्धा तास चालवून आणल्यावर लगेच. थंड गाडीवर केल्या तर काहीच दिसणार नाही. फक्त सायलेन्सरवर हात टेकवता येईल इतकी वाट पाहा, पेट्रोल तेवढ्यात थंड होत नाही.

---

वर्धारोडवाला · 18 मे, संध्याकाळी 6.45

थंड, टाकी भरलेली: 43, बटण दाबून 42. भांड्यात 18 मिली.

गरम, तीन लिटर, गाडीची वायरिंग: 42, बटण दाबून 31, काटा थरथरतो.

गरम, तीन लिटर, बाहेरची बॅटरी: 43, बटण दाबून 36, थरथर थोडी कमी.

म्हणजे दोन्हीचा दोष?

---

ओहम नमः · 18 मे, रात्री 8.00

दोन्हीचा, आणि तेही सरळ वाटून. 11-12 ची घसरण होती, बाहेरच्या बॅटरीवर पाचएक परत मिळाले. ते पाच वायरिंगचे.

कपलर आधी, कारण टाकी उघडावी लागत नाही. टाकीखालचा पंपाचा कपलर काढून मादी पिन भिंगाने पाहा. तपकिरी, निळसर पडलेली किंवा तोंड फाकलेली असेल तर तीच ती. फाकलेल्या पिनेला सुईने आवळून महिनाभर चालतं, मग परत तेच. नवी पिन क्रिंप करून घाला. दोन वायरी पिळून टेप मारणं हे काम नाही. मग फ्यूजच्या घराच्या पिना आणि रिले. त्याच नंबरचा दुसरा रिले गाडीत असेल तर अदलाबदल करून ड्रॉप परत मोजा. कुठे किती गेला हे शोधायचं तर काळा प्रोब कपलरवरून एकेक जोड मागे न्या: रिलेचा बाहेरचा पाय, आतला पाय, फ्यूज. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम खाली येतो तिथे दोष.

गरम ड्रॉप 0.3 च्या आत आणल्याशिवाय जाळीला हात लावू नका, नाहीतर कोणामुळे काय सुधारलं ते कळणार नाही.

---

वर्धारोडवाला · 20 मे, रात्री 9.15

कपलरची प्लस पिन तपकिरी निघाली, प्लास्टिकही त्या बाजूला थोडं वितळलं होतं. नवा कपलर क्रिंप केला. गरम ड्रॉप 0.22. बटण दाबून 42 वरून 37. रस्त्यावर गॅप अर्ध्याहून कमी, पण दोन लिटरला अजून येतो.

जाळी सुटी मिळते असं पार्टवाल्याने सांगितलं. उद्या टाकी उघडतो. काय सांभाळू? आणि जाळी नवी घालूनही काटा 37 लाच राहिला तर?

---

टॅपेट कव्हर · 20 मे, रात्री 10.40

तर पंपाची मोटर थकली आहे, आणि तेव्हा असेंब्ली घ्या, पैसे वाया गेले असं वाटणार नाही. पण थरथरणारा काटा जाळीकडे बोट दाखवतो. मोटर थकली की काटा सहसा शांतपणे खाली बसतो.

टाकीत लिटरभरच ठेवा. पंपाच्या प्लेटभोवतीची धूळ आधी ब्रशने आणि ओल्या कापडाने काढा, मग बोल्ट. सिमेंट रोडची आणि कोराडीच्या वीज केंद्राकडच्या राखेची पूड तिथे साचलेली असते, प्लेट उचलली की सरळ टाकीत पडते. प्लेटवर बाणाची खूण असेल तर फोटो काढून ठेवा. पंप तिरका करून काढा, फ्लोटचा दांडा वाकला तर पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलेल.

जुनी जाळी फेकायच्या आधी पांढऱ्या कागदावर झटका. काळा-तपकिरी चिकटा असेल तर नवी घालून मोकळे व्हा. लालसर पूड असेल तर टाकी आतून गंजतेय. टॉर्च मारून झाकणाच्या खालचा आणि तळाचा कोपरा पाहा, गंज असेल तर नवी जाळीही तीन महिन्यांत तशीच होईल. जुनी जाळी हवेने फुंकून परत लावू नका, विण फाकते आणि पुढचा कचरा थेट इंजेक्टरला जातो.

बाहेर काढलेला पंप 'चालतो का बघू' म्हणून कोरडा फिरवायचा नाही, दोन सेकंदसुद्धा. त्याला वंगण पेट्रोलचंच असतं.

ओ-रिंग नवी. जुनी बाहेर आली की फुगते, खाचेत परत बसत नाही, आणि बसवली तर एक जागा चिमटते. सिलिकॉन सीलंट अजिबात नको. पेट्रोलमध्ये त्याची साल निघते आणि ती कुठे जाऊन बसते ते तुम्हाला आता माहीत आहे. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, मॅन्युअलच्या टॉर्कने. मग पाच लिटर टाकून चावी चार-पाचदा ऑन-ऑफ, प्लेटभोवती बोट फिरवून कोरडं आहे का पाहा, तेव्हाच स्टार्ट.

---

कामठी रोड · 20 मे, रात्री 11.00

ओ-रिंग जाळीच्या पाकिटात येत नाही, तिचा पार्ट नंबर वेगळा असतो. उद्या टाकी उघडायच्या आधी ती हातात आहे ना ते बघा. इतवारीत दुकानं साडेदहा-अकराशिवाय उघडत नाहीत.